सुई पाचाच्या पलीकडे

मी आमच्या हॅम रेडिओ क्लबचा तांत्रिक चिटणीस आहे. गेली सहा वर्षं मी ओळख करून देताना हे वाक्य म्हणतो आणि समोरचा माणूस दर वेळी त्यातला फक्त 'चिटणीस' ऐकतो. मग मी गणपतीची वर्गणी मागायला आलोय की काय, अशा नजरेनं तो माझ्या हाताकडे बघतो. हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेनं बिनतारी यंत्रावर बोलणारी माणसं, हे मी सांगतो. "पण आता तर सगळ्यांकडे फोन आहेत ना?" असं तो विचारतो. या प्रश्नाचं माझं उत्तर अठरा मिनिटांचं आहे. ते आजपर्यंत कुणीही पूर्ण ऐकलेलं नाही, आमच्या हिनंसुद्धा.

तर या क्लबचा रिपीटर सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आहे. रिपीटर म्हणजे असं यंत्र, की ज्याच्या हातात छोटासा वॉकीटॉकी आहे अशा माणसाचा क्षीण आवाज ते ऐकतं आणि तोच आवाज जोरात सगळ्या बेंगळुरूवर फेकतं. लिफ्टच्या मोटारीशेजारच्या खोलीत यंत्राची पेटी, तिथून निघालेली जाड काळी केबल, बाहेर बारा फुटी खांब आणि त्यावर अँटेना. चौदाव्या मजल्यावर मी राहतो आणि माझ्या डोक्यावर रिपीटर राहतो, म्हणून मी तांत्रिक चिटणीस. निवडणूक वगैरे झालेली नाही.

या पेटीवर एक सुई आहे. पुढे जे काही घडलं ते त्या सुईपायी घडलं, म्हणून तिचा परिचय करून देतो. यंत्र आपली शक्ती केबलमधून वर पाठवतं आणि अँटेनानं ती हवेत सोडायची असते. वाटेत कुठे बिघाड झाला, तर शक्ती हवेत न जाता संपादकाकडून कविता यावी तशी साभार परत येते. त्या मापाला एसडब्ल्यूआर म्हणतात. सुई एकावर म्हणजे उत्तम. दीडपर्यंत चालतं. दोनला कपाळावर आठी पडते, आणि तीनच्या पुढे गेली की यंत्र स्वतःचा जीव वाचवायला तोंड मिटून घेतं. आमची सुई सहा वर्षं सव्वावर होती. पाहुण्यांना मी ती सुई दाखवत असे. चहाच्या आधीच.

दसऱ्याच्या संध्याकाळी सात वाजता ती पाचाच्या पलीकडे गेली.

मी हादरलोच. मला धक्का बसला की आधी मी चष्मा पुसतो, तसा पुसला. सुई तिथेच. पेटीवर हलकेच टिचकी मारली. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, पण सगळे शास्त्रज्ञ एकटे असताना हेच करतात. सुई तिथेच. तेवढ्यात फोन वाजला. चामराजपेटहून आप्पाजी.

आप्पाजींबद्दल सांगितल्याशिवाय हा धक्का कळायचा नाही. आप्पाजींचं वय ब्याऐंशी. मूळ घराणं निपाणीकडचं, पण तीन पिढ्या चामराजपेटेत गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अर्धीअधिक कानडीच्या मांडीवर बसलेली असते; 'ठीक'ला ते 'सरी' म्हणतात. मला हा नाद त्यांनी लावला. गेली एकतीस वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता ते रेडिओवर हजेरी घेतात. शहरातले आम्ही नऊ मराठी हॅम एकेक करून 'हजर' म्हणतो, आज काय केलं ते सांगतो, आणि आप्पाजी एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत बरोबरची खूण करतात. वर्षापूर्वी ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि गच्चीवरची त्यांची मोठी अँटेना उतरवली गेली. आता खाटेवर पडून, छोट्या वॉकीटॉकीवरून ते आमच्या रिपीटरमार्फत हजेरी घेत. येत्या सोमवारी सकाळी त्यांची मुलगी शिवलीला त्यांना कायमचं धारवाडला घेऊन जाणार होती. तिथून आमचा रिपीटर ऐकू येणं शक्य नाही. म्हणजे रविवारची हजेरी शेवटची.

"बिंदू, तुझं यंत्र मुकं का?" आप्पाजी म्हणाले. (माझं नाव बिंदुमाधव. पूर्ण नावानं मला फक्त वीज मंडळ हाक मारतं.)

"आप्पाजी, सुई पाचाच्या पुढे गेलीय!"

"सरी. घाबरू नकोस. पहिला प्रश्न काय विचारायचा, शिकवलंय की नाही?"

"शेवटचा हात कुणी लावला?"

"हां. ते शोध. रविवारपर्यंत कर बाबा. नऊ जणांना नीट निरोप द्यायचाय मला. फोनवर एकेकाला काय सांगू?"

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. 

हात कुणी लावला? मी तरी नव्हता लावला. आदल्याच दिवशी खंडेनवमीला मी यंत्राची यथासांग पूजा केली होती. आयुधपूजेला इथे रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, हार पडतात, बसच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. क्लबची पूजा करण्याचा मान तांत्रिक चिटणीसाचा. मी पेटी, बॅटऱ्या, केबल, खांब, सगळं पुसून घेतलं, गंध-कुंकू लावलं, एकही जोड वगळला नाही. पूजा झालेली आयुधं दुसऱ्या दिवसापर्यंत वापरायची नसतात, म्हणून नवमीची हजेरीही आम्ही सोडली होती. म्हणजे नवमीला पूजा झाली आणि दसऱ्याला बिघाड. मधल्या दीड दिवसात गच्चीवर कोण आलं, एवढाच प्रश्न होता. मला तो अत्यंत सोपा वाटला.

शुक्रवारी सकाळी मी चौकशी सुरू केली. पहिला संशय कबुतरांच्या जाळीवाल्यावर. त्यानं शांतपणे मोबाईलमधलं कामाचं वेळापत्रक दाखवलं. तो दसऱ्याला तुमकूरला मेहुणीच्या लग्नात होता. लग्नाचे फोटोही दाखवले, त्र्याण्णव. मी सगळे बघितले आणि मेहुणीला आशीर्वाद दिला. दुसरा संशय ठकुबाईवर. ठकुबाई आमच्या मजल्याची आणि गच्चीची झाडलोट करते. ती चिकोडीकडची, आणि तिला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

"ठकुबाई, खरं सांगा. पूजेनंतर त्या खांबाला कुणी हात लावला?"

"पूजेनंतर? न्हाई साहेब. कुणीबी न्हाई."

"नक्की?"

"मी सोता त्या खांबाला लांबनंच पाया पडती. वारं जाईल अंगात."

एवढं बोलून ती झाडू घेऊन थांबली, अजून काही विचाराल का अशा चेहऱ्यानं. मी विचारलं नाही. तपास अधिकाऱ्यानं साक्षीदाराला जास्त बोलू देऊ नये, असं माझं मत होतं.

आता राहिली वरच्या टोकाची तपासणी. त्यासाठी शिडी हवी. नवमीला रंगारी होते, त्यांच्या शिडीवर मी चढलो होतो. रंगारी गेले, शिडी गेली. सोसायटीची शिडी आहे, पण ती तळघरात साखळीनं बांधून ठेवलेली आहे आणि तिची किल्ली दयानंद या व्यवस्थापकाकडे असते. दयानंद म्हणाला, "सर, अ‍ॅपवर रिक्वेस्ट टाका."

अ‍ॅप उघडलं. तक्रारीचे प्रकार होते: नळ, झुरळं, पार्किंग, पाळीव प्राणी आणि लिफ्ट. बिनतारी लहरींचा रकाना नव्हता. शक्ती गळत होती, तेव्हा मी प्रामाणिकपणे 'नळ' या प्रकारात 'गळती, वरच्या बाजूस' असं लिहिलं. अर्ध्या तासात प्लंबर हजर. त्यानं आमच्या न्हाणीघराची तोटी बदलली, ठीक चाललेली. अ‍ॅपवर 'तक्रार निवारण झाले' असा हिरवा शिक्का पडला आणि मला पाच तारे द्या म्हणून निरोप आला. मी चार दिले. माझा निषेध मी अशा रीतीनं नोंदवला.

पुन्हा दयानंदकडे गेलो. आता शिडीसाठी उंचीवरच्या कामाचा फॉर्म, हेल्मेट आणि सोसायटीच्या सचिव श्यामलाबाईंची सही हवी होती. श्यामलाबाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. त्या मूळच्या नागपूरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही आपण त्यांच्याशी बोलताना आपोआप हात मागे बांधतो.

"बिंदुमाधवजी, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमचं ते यंत्र कालपासून बंद आहे म्हणे?"

"हो ना! त्यासाठीच शिडी…"

"तरीच! कालपासून माझं डोकं दुखत नाहीये. सहा वर्षांचं दुखणं हो! एका दिवसात गेलं. मी डॉक्टरांना पण फोन केला."

मी हतबुद्ध झालो. लहरींची शक्ती, अंतर, सिमेंटचा स्लॅब या सगळ्यावरचं माझं उत्तर सुरू केलं. (हे बावीस मिनिटांचं आहे.) तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "सही मी विचार करून देईन. रविवारी समितीची बैठक आहे, तिथे यंत्र कायमचं काढायचाच विषय घेऊ या."

म्हणजे मी शिडी मागायला गेलो आणि खांबच गमावून बसायची पाळी आली. घरी येऊन मी हिला, म्हणजे प्रणिताला, हे सांगितलं. ती कोथिंबीर निवडत म्हणाली, "त्या दसऱ्यापासून नातवंडांकडे जेवतायत. स्वतः स्वयंपाक करत नाहीत, फोडणीचा धूर नाही. डोकं कसं दुखेल?" मला त्या वेळी हे बायकी वाटलं. असं मला वाटलं हे मी तिला अद्याप सांगितलेलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी शेजारचा उपेंद्र आला. तो मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत कसलातरी आर्किटेक्ट आहे. आर्किटेक्ट म्हणून त्यानं आजपर्यंत एकही भिंत बांधलेली नाही. "काका, रिस्टार्ट केलं का?" केलं. "नाही, प्रॉपर रिस्टार्ट. प्लग काढून तीस सेकंद थांबायचं." थांबलो. "मग तुमचा फिल्टर गेला असणार. क्लासिक सिम्प्टम आहे." रेडिओतलं त्याला काही कळत नाही, पण 'क्लासिक' हा शब्द तो इतक्या आत्मविश्वासानं म्हणाला की मला पटलं. आमच्या पेटीला फिल्टर आहे खरा. जाणारा आणि येणारा आवाज एकमेकांत मिसळू नये म्हणून लावलेली चार चकचकीत धातूची नळकांडी. शिडी मिळत नाही, तेव्हा जे हाताला लागतंय तेच बिघडलेलं असणार, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी ती चार नळकांडी, त्यांच्या तारांसकट, एका पिशवीत घालून मी आप्पाजींना दाखवायला चामराजपेटकडे निघालो. इतकं अवजड सामान रिक्षात आदळून बिघडेल, म्हणून मेट्रोनं जायचं ठरवलं. या निर्णयाचं समर्थन मी आज करत नाही.

तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर चार नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या तारा दिसत होत्या. शिपाईबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मागची रांग आपोआप दहा पावलं मागे गेली. मला एका खोलीत नेण्यात आलं.

"इदु एनु?" अधिकाऱ्यांनी विचारलं. हे काय आहे?

माझी कानडी भाजी घेण्यापुरती आहे. मी म्हणालो, "फिल्टर, सर."

"कॉफी फिल्टर?"

"नाही, लहरींचा. यात काहीच नसतं. आत नुसती हवा असते."

"हवा न्यायला मेट्रो?"

परवाना दाखवला, क्लबचं पत्र दाखवलं. त्यावर 'तांत्रिक चिटणीस' असं मराठीत छापलेलं आहे, ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. सव्वा तासानं, माझे दोन फोटो काढून, त्यांनी मला सोडलं. दोन्ही फोटोंत मी बघण्यासारखा दिसत नव्हतो. बाहेर आल्यावर मी रिक्षाच केली.

आप्पाजींच्या घरी पोचलो आणि आल्या आल्या माझा सगळा त्रागा गळून गेला. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवर जिथे जुना रेडिओ होता तिथे रंगाचा स्वच्छ चौकोन उरला होता. खाटेवर आप्पाजी, छातीवर वॉकीटॉकी, आणि उशाशी लाल पुठ्ठ्याची वही. दसऱ्याच्या तारखेपुढची नऊ घरं कोरी होती. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

"काल पण सातला बटण दाबलं," ते म्हणाले. "कोण नाही, माहीत होतं. तरी दाबलं."

शिवलीला चहा घेऊन आली. "अण्णा," ती मला म्हणाली (कानडीत अण्णा म्हणजे दादा), "मी म्हटलं ग्रुपवर व्हिडिओ कॉल करू या. ऐकत नाहीत. व्हिडिओत सगळे एकदम बोलतात म्हणे, हजेरीत पाळी असते."

आप्पाजींनी नळकांडी हातात घेतली, खालीवर केली, स्क्रू चाचपले. "याला काय झालंय? अगदी सरी आहे. बिंदू, तू याला इथवर का आणलंस?"

"उपेंद्र म्हणाला…"

"उपेंद्र कोण?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"अर्ध्यावर तोडत जा, म्हणून शिकवलं होतं. पेटी सरी का? मग केबल. केबल सरी? मग वर. वरचा जोड बघितलास?"

"शिडी नाही, आप्पाजी."

"मग शिडी शोध. फिल्टर कशाला शोधतोस? उद्या नागराजला बोलाव. तो रेल्वेचा माणूस आहे, क्रमानं जातो."

मला हे लागलं. तांत्रिक चिटणीस मी, आणि बोलवायचं नागराजला! नागराज बेळगावचा, राहतो के. आर. पुरमला, रेल्वेत सिग्नलची कामं करतो. क्लबात त्याला कुठलंही पद नाही. पण जाताना आप्पाजींनी माझा हात धरला आणि नुसतं म्हणाले, "उद्या." मी घरी पोचायच्या आधीच नागराजला फोन केला.

रविवारी सकाळी दहाला नागराज आला. खांद्याला झोळी आणि त्यात डबीएवढा एक धातूचा तुकडा. ती खोटी अँटेना. शक्ती हवेत न सोडता ती मुकाट पोटात घेते. ज्या जागी ही लावल्यावर सुई शहाणी होते, तिथपर्यंतचं सगळं ठीक आणि बिघाड त्याच्या पुढे. एवढं साधं. मी फिल्टर परत बसवला, नागराजनं पेटीच्या तोंडाशी खोटी अँटेना लावली. सुई एकावर.

"पेटी बरी हाय की, सर. फिल्टरबी बरा हाय."

"ते मला माहीत होतं," मी म्हणालो. नागराज सभ्य माणूस आहे. तो खोटी अँटेना सोडवू लागला.

"आता केबलच्या वरच्या टोकाला लावून बघायचं. शिडी?"

शिडी! मी श्यामलाबाईंच्या दारात उभा राहिलो. दार त्यांनीच उघडलं, कपाळाला बाम लावलेला.

"काय हो हे," त्या कळवळून म्हणाल्या, "सुरू केलंत ना परत? सकाळपासून डोकं फुटतंय!"

"बाई, यंत्र चार दिवस मुकं आहे. आताही अँटेनाला काही जोडलेलं नाही."

माझ्या मागे प्रणिता येऊन उभी होती, हातात झाकलेलं भांडं. "काकू, नातवंडं गावाला गेली ना सकाळी? आज तुम्हीच ओट्याशी होतात. फोडणीचा वास आला मला. हा साधा वरणभात आणलाय, आज स्वयंपाक नका करू."

श्यामलाबाईंनी भांडं घेतलं. मग फॉर्म घेतला, सही केली आणि बैठकीतला यंत्राचा विषय राहू द्या म्हणाल्या. सही करताना त्या माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होत्या. मानभंग झालेला माणूस मी लगेच ओळखतो. मी अदबीनं नजर वळवली.

दुपारी दोन वाजता दयानंदनं शिडीची साखळी सोडली. हेल्मेट एकच होतं, ते नागराजनं घातलं. मी खालून शिडी धरली. ठकुबाई झाडू घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. उपेंद्र व्हिडिओ काढायला आला.

नागराजनं वरच्या जोडावरची काळी चिकटपट्टी सोडवायला घेतली. "पट्टी नवीन दिसती की, सर."

"मीच गुंडाळली. नवमीला. पाणी जाऊ नये म्हणून चांगले सात वेढे."

त्यानं जोड फिरवून मोकळा केला आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट आत घालून काहीतरी खरवडलं, वास घेतला, आणि माझ्याकडे वरून पाहिलं. हेल्मेटखाली त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"सर, हे… कुंकू हाय का?"

शिडी माझ्या हातातून सुटलीच होती, उपेंद्रनं धरली.

नागराज खाली उतरला. जोडाच्या आत, मधल्या पितळी टाचणीपासून बाहेरच्या कडेपर्यंत, गंध-कुंकवाचा लपका होता. आधी ओला असेल, मग शक्ती गेल्यावर तापून, जळून काळा झालेला. कडेला अजून लाल होता. वर एक अक्षतेचा दाणा. त्या दाण्यानं माझं उरलंसुरलं अवसान नेलं.

मला सगळं स्वच्छ आठवलं. नवमीची सकाळ. मी शिडीवर. जोड उघडून टाचणी पुसली, लखलखीत केली. आणि मग, यंत्राच्या तोंडालाच कुंकू लावायचं राहिलं तर पूजा कसली, या भक्तीनं करंगळी बुडवून चांगलं घसघशीत कुंकू भरलं. नमस्कार केला. बंद केलं. सात वेढे. चार दिवस मी अख्ख्या सोसायटीला विचारत हिंडत होतो, की हात कुणी लावला. मी स्वतःला विचारलं नव्हतं, कारण पूजेला कुणी 'हात लावणं' म्हणतं का?

"मी बघत होती की," ठकुबाई म्हणाली. "तुमी त्याचं तोंड उघडून कुक्कू भरलं."

"ठकुबाई! मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं पूजेनंतर कुणी हात लावला. पूजेनंतर कुणी न्हाईच लावला."

नागराजनं झोळीतून दात घासायचा ब्रश आणि स्पिरिटची बाटली काढली आणि खाली मान घालून जोड घासू लागला. त्याचे खांदे हलत होते. घासण्यानं हलत असतील. साडेतीनला त्यानं जोड परत लावला, पट्टी गुंडाळली. मी खोलीत जाऊन बटण दाबलं. सुई सव्वावर. मला हुंदका आला, तो मी खोकला म्हणून खपवला.

निघताना नागराज म्हणाला, "सर, नोंदवहीत काय लिहू? जोडात ओलावा सापडला, असं लिहितो. खोटं न्हाई ते."

"तसंच लिही," मी म्हणालो. उपेंद्रकडूनही व्हिडिओ पुसून घेतला. अब्रू वाचली होती.

संध्याकाळी सात वाजता खोलीत मी पेटीसमोर बसलो. प्रणिताही आली. हजेरीला ती पहिल्यांदाच येत होती. ठीक सातला स्पीकर खरखरला आणि आप्पाजींचा आवाज आला, खणखणीत. मग एकेक. पुरुषोत्तम, हजर. विठोजी, हजर. नागराज, हजर. प्रत्येकाला आप्पाजींनी दोन शब्द सांगितले. विठोजीला रक्तदाबाची गोळी चुकवू नको म्हणाले. नागराजला म्हणाले, "क्रमानं जातोस, असाच जा." शेवटी माझी पाळी आली.

"बिंदू, यंत्र उत्तम. शाब्बास. दोष कुठं होता?"

मी बोलायचं बटण दाबलं. 'जोडात ओलावा' हे शब्द जिभेवर तयार होते. पण एकतीस वर्षं त्या लाल वहीत या माणसानं कुणाच्याही नावापुढे खोटी खूण केलेली नव्हती, आणि उद्यापासून तो मला काही विचारणार नव्हता.

"आप्पाजी, नवमीला मीच जोडाच्या आत कुंकू भरलं होतं. ओलं. वर अक्षता."

बेंगळुरूच्या हवेत मी असा उघडा पडलो. मग कुणाचं तरी बटण दाबलं गेलं आणि हसणं ऐकू आलं, त्यावर दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. पाळीचा नियम एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मोडला. शेजारी प्रणिता पदर तोंडाला लावून हसत होती. सगळ्यांत शेवटी आप्पाजींचं हसणं आलं, खोकत खोकत, आणि मागे शिवलीलाचं "सावकाश, अप्पा."

"सरी," ते दम घेऊन म्हणाले. "पुढच्या वर्षी पूजा कर. झाकण लावून कर. आणि ऐका सगळे. उद्यापासून हजेरी बिंदू घेईल. वही शिवलीला उद्या पाठवेल."

"मी? आप्पाजी, आत्ताच तर मी…"

"म्हणून तर तू. हजेरी घेणाऱ्यानं खरं लिहायचं असतं. बाकी सगळं नागराज बघेल."

लाल वही सोमवारी दुपारी आली. रविवारच्या नऊ घरांत नऊ खुणा होत्या, आणि शेवटची माझ्या नावापुढे.

सोमवारी संध्याकाळी सातला मी पहिल्यांदा हजेरी घेतली. हजेरी घेणाऱ्याचं नाव यादीत नसतं, म्हणून माझं काढून दुपारीच मी पहिलं नाव त्यांचं घातलं होतं. पुकारताना गाळावं की काय, असा विचार मनात आला, पण गाळलं नाही. "आप्पाजी," मी पुकारलं. नियमाप्रमाणे दहा सेकंद थांबायचं असतं. थांबलो. सुई सव्वावर, यंत्र ठणठणीत, आणि हवेत काही नाही. मी पेन उचललं आणि त्या घरावर टेकवलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. धारवाडहून शिवलीला. "अण्णा, सात वाजून गेले ना? अप्पा विचारतायत, त्यांचं नाव पुकारलं का."

"आत्ताच पुकारलं," मी म्हणालो.

तिनं तिकडे सांगितलं. मागून आप्पाजींचा आवाज आला, काही तरी निक्षून सांगणारा.

"म्हणतायत," शिवलीला म्हणाली, "गैरहजर लिहू नका. रजा लिहा."

मी रजा लिहिलं.